उजव्या बाजूची जागा

१

नेदरलँड्समधल्या झूटरमेरमध्ये खंडेनवमी करायची म्हणजे शस्त्रं आणायची कुठून, इथपासून तयारी. सारंगच्या घरी त्यावर दरवर्षी तोच तोडगा निघायचा. ऑफिसचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, सायकलचा पंप, स्क्रूड्रायव्हरांचा संच, आठ वर्षांच्या ईशानीची कंपासपेटी आणि निशिगंधाची विळी. ही विळी तिने लग्नानंतर पुण्याहून सामानात घालून आणली होती, आणि विमानतळावरच्या कस्टमवाल्याला ती कशी बसून वापरायची हे करूनही दाखवलं होतं, असं ती सगळ्यांना सांगे. त्यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती हे तिचं तिलाच ठाऊक.

त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात, म्हणून पूजाही दुपारीच. चौरंग नव्हता, तेव्हा बैठ्या कॉफी टेबलावर लाल कापड अंथरलं होतं. पुण्याहून सारंगची आई व्हिडिओवर होती. फोन ईशानीच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे आई जराशी कलती दिसत होती. पण हुकूम सरळच सोडत होती.

"आधी हळद, मग कुंकू. आणि फुलं नुसती फेकू नका रे, वाहा."

ईशानी पुढे हळद लावत चालली, तिच्यामागून सारंग कुंकू. हात टेबलावर आणि डोळे फोनवर. आईचे गुडघे, मग अभिदादाचं एकटं राहणं, मग पुन्हा गुडघे. सारंग 'हो', 'बरं' म्हणत होता आणि बोटाला लागेल त्या वस्तूवर कुंकू लावत होता.

"बरं केलंस हो," आई म्हणाली. "अण्णांचंही पूजेला ठेवलंस. तिकडे नेऊ दिलं का तुला?"

"काय नेऊ दिलं?"

"त्यांचं पिस्तूल रे. ते काय, पंपाच्या शेजारी."

सारंगने खाली पाहिलं. पंप आणि ड्रिल यांच्यामध्ये तळहाताएवढं काळं पिस्तूल होतं. त्यावर हळदीचं बोट होतं, आणि त्या हळदीवर त्याने स्वतः नुकतंच लावलेलं ओलं कुंकू.

२

सारंगचे वडील, म्हणजे अण्णा, जमिनींचे व्यवहार करायचे. अशा धंद्यातली माणसं बाळगतात तसं त्यांच्याकडे लायसन्सचं पिस्तूल होतं. छोटंसं, चपटं, मूठ जेमतेम तीन बोटं बसतील एवढी. चालवायला मोठी पिस्तुलं बरी पडतात म्हणे. हे बनवलेलंच लपवण्यासाठी. बाहेर काही अडकायला नको म्हणून त्याचा घोडासुद्धा आतच होता. अण्णा ते उजव्या कमरेला, पँटच्या आत, चामड्याच्या म्यानात खोचत आणि वरून एक माप मोठा शर्ट सोडत. दर दोन मिनिटांनी त्यांचं कोपर तिथे जाऊन यायचं, आहे ना म्हणून. आयुष्यात एकदाही त्यांनी ते झाडलं नाही. लग्नकार्यात भिंतीला पाठ लावून बसायचे, हॉटेलात दाराकडे तोंड करून. घरी आल्यावर लहानगा सारंग धावत जाऊन बिलगायला गेला की ते त्याला खांद्याला धरून डावीकडे वळवायचे. रागावून नव्हे, मायेनेच. पण वळवायचेच.

त्या घरातली भीती सारंगच्या हाडात मुरली होती. कोण येणार आहे, कशासाठी येणार आहे, कुणी कधी सांगितलं नाही. फक्त कुणीतरी येणार आहे अशा बेताने सगळं घर राहायचं. म्हणून तर तो इतक्या लांब आला. इथे खिडक्यांना पडदे नव्हते, पोलीस सायकलवरून हिंडायचे, आणि ईशानी बापाला वाटेल त्या बाजूने येऊन धडकायची. त्याला आयुष्यात तेवढंच जमवायचं होतं, की ही भीती आपल्यापाशी संपावी. पोरीपर्यंत जाऊ नये.

आणि अण्णा गेल्यावर अभिदादाने ते पिस्तूल पोलीस ठाण्यात जमाही केलं होतं.

"खेळण्यातलं असेल," निशिगंधा म्हणाली खरी, पण तिचा आवाज चिरका निघाला. "ईशू, हे तू ठेवलंस?"

"नेय, मामा." नाही, आई. ईशानीला मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र डच. हळद लावताना ते तिथे होतं का, तर होतं. कुणाचं आहे? तिने बापाकडे बोट दाखवलं. पापाचं. त्यात विचारायचं काय, असा तिचा चेहरा होता.

आईचा फोन घाईने बंद करून सारंगने एका बोटाने ते ढकलून पाहिलं. हललं नाही इतकं जड होतं. मुठीच्या खालच्या कोपऱ्यात टवका उडालेला होता. अण्णांच्या हातून ते एकदा गाडीच्या दारात सापडलं होतं, तेव्हाचा तो टवका.

"पोलिसांना बोलावतो."

"अरे, पण पूजेतलं उचलणार कसं?" निशिगंधा म्हणाली. "उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की बोलाव. तोवर काय सांगायचं तेही ठरवू. इथे असलं काही घरात सापडलं तर परमिट जाईल, सारंग. नोकरी जाईल. नीट विचार करू."

एरवी देवधर्माला हसणारा सारंग लगेच कबूल झाला. खरं सांगायचं तर त्याला ते हातात घ्यायचं नव्हतं, आणि न घ्यायला सबब मिळाली होती. पूजेला लावलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही साधी घरगुती रीत. सातासमुद्रापार आलेल्या त्या दोन इंजिनिअरांनी ती त्या दिवशी इमानेइतबारे पाळली.

३

सकाळी पिस्तूल नव्हतं.

बाकी सगळं जागच्या जागी. दारं आतून बंद. पंप आणि ड्रिल यांच्यामध्ये तांबड्या अक्षता मात्र कापडात दाबल्या गेल्या होत्या, आणि त्या दाबलेल्या जागेचा आकार ओळखू येत होता. निशिगंधाने ईशानीची खोली उलटीपालटी केली. दप्तर, गादी, खेळण्यांचा पेटारा. सारंग कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन आला. मग दोघंही एकमेकांकडे बघत स्वयंपाकघरात उभी राहिली. पोलिसांना आता दाखवायचं काय, दबलेले तांदूळ?

"आपल्याला भास झाला," सारंग म्हणाला.

"तिघांना? आणि पुण्यात बसलेल्या आईंना?"

सारंग लाकडी खुर्चीवर बसला, आणि खुर्चीच्या दांड्याला काहीतरी लागून 'खट्' असा आवाज झाला. लोखंड लाकडावर टेकल्याचा. निशिगंधाने मान वळवून पाहिलं. तो उठून पुन्हा बसला. खट्.

त्याने खिसे उलटे केले. पट्टा काढला, शर्ट वर केला. उजव्या कमरेला नुसती कातडी होती. पण कातडीवर वजन होतं. थंड, चपटं, तळहाताएवढं. हात लावला की बोटांना काहीच लागायचं नाही, हात काढला की ते होतंच.

"पापा," ईशानीने दाराशी उभं राहून डचमध्ये विचारलं, "तू असा वाकडा का बसलायस?"

४

दसऱ्याला हरीश आला. कॉलेजपासूनचा मित्र, शेजारच्याच गल्लीत राहणारा, गडगडाटी हसणारा. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून तो रस्त्याकडेच्या गिंकोच्या झाडांची पिवळी पानं सोनं म्हणून वाटायचा. आपट्यासारखीच दोन पाळ्यांची असतात, देव चालवून घेईल, असं त्याचं म्हणणं.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!" म्हणत तो हात पसरून मिठी मारायला पुढे आला आणि वीतभर अंतरावर थांबला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पाय मात्र मागे सरकले. त्याने पान टेबलावर ठेवलं आणि नमस्कार केला. कॉलेजच्या मित्राला, हात जोडून.

"काय रे?" सारंगने विचारलं.

"कुठे काय? बस ना तू." हरीश बसला नाही. गाडी चुकीच्या जागी लावलीय असं काहीतरी पुटपुटत तो निघाला. त्याच्याकडे गाडी नव्हती, तो सायकलवरून आला होता.

पुढच्या दिवसांत हेच सगळीकडे होऊ लागलं. ऑफिसला जाताना ट्रामला खच्चून गर्दी, लोक दाराशी उभे, पण सारंगच्या उजवीकडची सीट रिकामी. कुणी त्याच्याकडे रागाने पाहत नव्हतं, कुणी पाहतच नव्हतं. पाणी दगडाला वळसा घालून जातं तशी माणसं त्याला वळसा घालून जायची, आणि आपण वळसा घातला हे त्यांना कळतही नसावं. शेजारच्या आजींचा पायाशी लोळण घेणारा कुत्रा त्याला बघून अंग चोरायचा.

सारंग स्वतःला समजावत राहिला. ताण आहे. झोप नाही. माणूस आखडून वागला की समोरचाही आखडतो. पटत होतं सगळं. तरी त्याने एक माप मोठे शर्ट आणले. बैठकीला पडदे लावले. जेवायच्या टेबलावर दाराकडे तोंड करून भिंतीकडेची खुर्ची धरली, आणि ती आपण केव्हा धरली हे त्याला आठवेना.

एका संध्याकाळी मागच्या दारातून ईशानी चित्र घेऊन धावत आली. पावलं ऐकली मात्र, त्याचा उजवा हात आपणहून शर्टाच्या आत गेला. विचार नाही, इरादा नाही, गेला. मूठ वळली, आणि तिच्यात काहीतरी बरोब्बर बसलं. तीन बोटांत.

ईशानी दोन पावलांवर होती. त्याने दुसऱ्या हाताने तिचा खांदा धरला आणि तिला डावीकडे वळवलं.

ती गेल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. त्याला स्वतःची भयंकर भीती वाटत होती. असलं जवळ असलं की येणारं प्रत्येक माणूस आधी 'कुणीतरी' असतं आणि मग पोटची पोर, हे त्याला त्या दिवशी कळलं.

५

दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला. म्हटलं, व्हायचं ते होऊ दे. परमिट जाऊ दे, जेल होऊ दे, पण हे कुणीतरी काढून घ्या.

काउंटरवर उंच, शांत आवाजाची एक बाई होती. काय मदत करू, असं तिने इंग्रजीत विचारलं.

"माझ्याजवळ शस्त्र आहे," सारंग म्हणाला.

तिचा चेहरा बदलला नाही, पण आतून आणखी दोघं आले. हात भिंतीवर, पाय फाकवून. तिने झडती घेतली. सराईत हात होते, भरभर फिरत होते. बगला, पाठ, पोट, डावी कमर. मग उजवी. तिथे आल्यावर तिचे हात उचलले गेले आणि पुढे मांडीवर टेकले. तेवढी तळहाताएवढी जागा सुटली.

"परत बघा," तो म्हणाला. "उजवीकडे. प्लीज."

तिने पुन्हा पाहिलं. समोरच्या काचेत सारंगला दिसत होतं. तिची बोटं कमरेशी आली, वाकली, त्या जागेभोवतून गेली आणि खाली उतरली. तिची नजरही तशीच वळून गेली.

"काही नाही तुमच्याजवळ," ती सौम्यपणे म्हणाली.

"तुम्ही तिथे हातच लावत नाही आहात!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, झोप लागते का विचारलं, आणि तुमच्या हाउसआर्ट्सना भेटा, असा सल्ला दिला. हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. माणसं भली होती, त्यांचा काय दोष? सारंग खुर्चीवर बसला तेव्हा 'खट्' वाजलं, आणि त्या तिघांपैकी कुणीही मान वळवली नाही.

६

मग त्याने अभिदादाला फोन लावला. थोरला भाऊ, अभिजित. पाच वर्षांपूर्वी बायकोला आणि दोन मुलांना नाशिकला ठेवून तो पुण्यात एका खोलीत एकटा राहायला लागला होता. नवराबायकोचं बिनसलं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कुणी फार खोदून विचारलं नव्हतं.

"दादा, अण्णांचं पिस्तूल तू नक्की जमा केलं होतंस ना?"

"केलं. स्वतः नेऊन. का रे?"

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग अभिजितनेच विचारलं, "उजवीकडे?"

सारंग मटकन जिन्याच्या पायरीवर बसला. इथले जिने अरुंद आणि उभे. दोन्ही खांदे भिंतींना टेकले.

"तुला कसं माहीत?"

"माझ्याकडे होतं इतकी वर्षं. अण्णा गेले त्या दसऱ्यापासून. बिनसलं वगैरे काही नव्हतं रे. धाकट्याने एकदा मागून येऊन डोळे झाकले माझे. त्या दिवशी काय झालं असतं ते... दुसऱ्या दिवशी निघालो घरातून. लोकांना सांगायला काहीतरी कारण लागतं."

"आणि आता?"

"आता नाही." हे बोलताना त्याला लाज वाटत होती, हे इतक्या दुरूनही कळत होतं. "नवमीला संध्याकाळी चहा टाकत होतो. एकदम कमर हलकी झाली. खाली बसून पोरासारखा रडलो. मला वाटलं संपलं. आईची शपथ, सारंग, मला वाटलं संपलं."

"कसं काढायचं हे? कुणाला विचारू?"

"मी सगळ्यांना विचारून झालोय. डॉक्टर, गुरुजी, कोण कोण. कुणाला काही कळत नाही. तू पोरीपासून लांब राहा. एवढंच जमतं. मीही तेवढंच केलं."

७

सारंगने लांबच्या आइंडहोवन शहरात एक खोली घेतली. कामासाठी काही महिने तिकडे राहावं लागेल, असं त्याने घरी सांगितलं. निशिगंधाने ऐकून घेतलं आणि बॅग भरायला काढली. शर्टांच्या घड्या घालता घालता ती थांबली.

"आत्ता आहे का ते?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ती जवळ आली, हात पुढे केला, आणि तिचा हात त्याच्या कमरेशी येऊन वळसा घेऊन परत गेला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग हातातल्या शर्टात तोंड खुपसून ती हमसून रडली.

"मी शिवणारच होते," ती म्हणाली. "देवाशपथ, मी शिवणारच होते."

शनिवारी सकाळी दोघी त्याला ट्रामच्या थांब्यावर पोचवायला आल्या. ऊन होतं. थांब्यावर बाजाराला निघालेली माणसं होती, सायकली होत्या, एक कुत्रं होतं. सारंग मुद्दाम दोन हात लांब उभा राहिला, उजवी बाजू खांबाकडे करून. ईशानीला त्याने समजावून ठेवलं होतं की पापाची कमर दुखते, मिठी मारायची नाही. ती बूट घासत उभी होती.

ट्राम वळणावर दिसली. सारंगने बॅग उचलायला वाकून मान फिरवली, तेवढ्यात ईशानी आली. उजवीकडून, त्याच्या आणि खांबाच्या मधल्या फटीतून. दोन्ही हात तिने त्याच्या कमरेभोवती घट्ट टाकले आणि गाल नेमका तिथे टेकवला, जिथे त्या पोलीसबाईचा हात गेला नव्हता, निशिगंधाचा गेला नव्हता. सारंगचा हात मुठीपाशी जाण्याआधी त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. श्वास कोंडून तो उभा राहिला. काहीच झालं नाही. पोरीच्या केसांच्या शाम्पूचा वास वर येत होता.

"इस खूट, पापा," ती म्हणाली. ठीक आहे, पापा. आणि तिने हात सोडले.

तो चढला. दार मिटलं. खिडकीजवळची सीट मिळाली, आणि तो टेकतो न टेकतो तोच एक लठ्ठ बाई भाजीच्या पिशव्या घेऊन त्याच्या उजवीकडे धपकन बसली. तिचा दंड त्याच्या दंडाला लागला, पिशवी त्याच्या कमरेवर रेलली. सॉरी, असं ती हसून म्हणाली. सारंगही हसला. इतक्या दिवसांनी माणसाचा धक्का लागला होता. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती हलकं वाटत होतं! त्याने कोपराने कमर चाचपली. काही नव्हतं.

मग त्याला समजलं, आणि तो खिडकीकडे वळला.

ट्राम हलली होती. थांब्यावर ईशानी उभी होती. मघाशी तिच्याजवळ असलेली माणसं पांगली होती. कुणी मुद्दाम गेलं नव्हतं, ज्याचा तो मोबाइलमध्ये, ज्याचा तो गप्पांत, पण तिच्याभोवती मोकळी फरशी दिसत होती. कुत्रं मालकाच्या पायांमागे गेलं होतं. ईशानी डाव्या हाताने टाटा करत होती. उजवं कोपर तिने अंगाशी घट्ट धरलं होतं आणि तोंड मिटून ती येणाऱ्याजाणाऱ्यांकडे एकेक करून पाहत होती.

निशिगंधा तिच्यापासून तीन पावलं दूर उभी राहून ट्रामकडे हात हलवत होती. लेकीचा हात आपण केव्हा सोडला, हे तिला कळलं नसावं.

सारंगने काचेवर मुठी आपटल्या, त्या बाईला ओलांडून दाराशी गेला आणि बटण दाबत राहिला. ट्राम आता पुढच्या थांब्याआधी थांबणार नव्हती.